गोळ्या चालू असूनही मन पुन्हा खचतं तेव्हा

“गोळ्या चालू आहेत ना? मग आता पुन्हा काय झालं?”

नैराश्यातून बरी होऊन वर्ष-दीड वर्ष संसारात रुळलेल्या बाईला हा प्रश्न घरातलं कोणी ना कोणी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. ताप आला, गोळी घेतली, ताप उतरला, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला आहे. पण प्रश्न जिव्हारी लागतो तो अशासाठी, की पहाटे तीनला जाग आल्यापासून ती स्वतःलाच तो विचारत असते. औषध वेळच्या वेळी घेतलं, डॉक्टरांकडे नेमानं गेले, तरी पुन्हा तेच! म्हणजे खोट माझ्यातच असणार. असं मनाशी ठरवून ती गप्प बसते, आणि पुढचे दोन महिने घरात कोणाला पत्ता लागत नाही. हे दोन महिने फार महाग पडतात.

वास्तविक यात नवल काहीच नाही. नैराश्य हा उलटणारा आजार आहे. एकदा होऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना तो पुढे कधीतरी पुन्हा गाठतो. दोन-तीनदा होऊन गेला असेल तर ही शक्यता आणखी वाढते. औषध चालू ठेवल्यानं ती बरीच कमी होते, पण शून्यावर येत नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या सासूबाईंचं प्रेशर एखाद्या महिन्यात वर गेलं, तर आपण डॉक्टरांना डोस विचारून येतो. “तुमची इच्छाशक्तीच कमी पडली,” असं त्यांना कोणी ऐकवत नाही. मग सुनेच्या मनाच्या आजारालाच हा वेगळा न्याय का?

पहिल्याच औषधानं सगळ्यांना पूर्ण बरं वाटतं, हाही एक गोड गैरसमज. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या औषधानं ज्यांचा आजार पुरता ओसरला असे रुग्ण होते साधारण एक-तृतीयांश. बाकीच्या कित्येकांना औषध बदलावं लागलं किंवा जोडीला दुसरं द्यावं लागलं. त्यातले आणखी काही सुधारले, तर काहींचं दुखणं थोडं थोडं चालूच राहिलं. तेव्हा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा डॉक्टरांचं दार ठोठावणारी बाई काही जगावेगळी नव्हे.

मन पुन्हा खाली जायला लागलंय, हे ओळखायचं कसं? रडू येणं ही फार उशिराची खूण. त्याच्या आधी बारीकसारीक गोष्टी बिघडत असतात. पहाटे तीन-चारला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. वाळलेले कपडे तीन दिवस खुर्चीवर पडून राहतात. मैत्रिणीचा फोन वाजतो, आपण नुसतं बघत बसतो. भाजीवाल्यासमोर मेथी घ्यावी की पालक, हे ठरत नाही आणि पिशवी रिकामीच घरी येते. एरवी जिभेवर असणारी आमटीची चव लागेनाशी होते. प्रत्येकीच्या खुणा निराळ्या, पण एकाच बाईच्या खुणा दर खेपेला बहुतेक त्याच असतात. मागच्या वेळी आजार सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा काय सुटलं होतं, आंघोळ की पेपर वाचणं की देवपूजा, ते आठवून ठेवलं तर पुढच्या वेळी ओळख लवकर पटते.

भिंतीवरच्या कालनिर्णयात आपण दुधाचे खाडे मांडतोच. त्याच चौकटीत रोज रात्री दोन आकडे लिहावेत: झोप किती तास झाली, आणि दहापैकी मन किती बरं होतं. याला दोन मिनिटंही लागत नाहीत. एखाद-दोन वाईट दिवस कोणाला येत नाहीत? घरात भांडण झालं, मुलाचा निकाल बिघडला, तर मन उतरणारच. पण सलग आठ-दहा दिवस आकडे घसरत असतील, तर पुढची तारीख कधी आहे हे बघत बसू नये. फोन करून आधीची वेळ मागावी.

जाण्यापूर्वी स्वतःपुरती थोडी उलटतपासणी मात्र करावी, कारण डॉक्टर तेच विचारणार. गोळी खरोखर रोज पोटात जाते का? नवरात्रात, चातुर्मासात, लग्नकार्याच्या धावपळीत ती हमखास चुकते. उपवासाला औषध चालत नाही असं मानणाऱ्या घरात तर नऊ-नऊ दिवस बंद पडते. शिवाय काही जणींना नैराश्यासाठी जोडीला लिथियम दिलेलं असतं. त्यांनी हरितालिकेसारखा निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं, आणि ते घातक ठरू शकतं. डोकेदुखी-कंबरदुखीसाठी आपण सहज घेतो त्या आयब्रुफेनसारख्या गोळ्यांनीही हेच होतं.

गोळी मुद्दाम चुकवली जाते ती बहुतेक दोन कारणांनी, आणि दोन्ही सांगायला आपल्याला लाज वाटते. एक, वजन वाढतं. दुसरं, नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही. या औषधांपैकी अनेकांचा हा माहीत असलेला परिणाम आहे. डॉक्टरांना तो नवा नाही, आणि डोस किंवा औषध बदलून कित्येकदा त्यावर उपायही निघतो. न सांगता गोळी एकाएकी बंद केली तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, डोक्यात विजेसारखे झटके बसल्याचं वाटणं, असा त्रास होतो, आणि आजार उलटला की औषध सुटल्याचा हा त्रास, हेच कळेनासं होतं. म्हणून चुकवली असेल तर चुकवली म्हणून सांगून टाकावं. रागावतील म्हणून खोटं सांगितलं, तर डॉक्टर विनाकारण डोस वाढवून बसतील!

गोळी नियमित असूनही मन खचत असेल, तर शरीराकडे बघायला हवं. थायरॉइड मंदावलं की नैराश्यासारखीच मरगळ येते. रक्त कमी असणं, आणि शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, हेही कारण असू शकतं. पाळी जाण्याच्या सुमाराला तर पुष्कळ जणींचं जुनं दुखणं डोकं वर काढतं. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी नवं औषध सुरू झालं असेल, तर तेही सांगावं. स्टिरॉइडनं मनावर परिणाम होऊ शकतो, आणि क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन काही मनाच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण कमी करतं. आणखी एक गोष्ट नवऱ्यानं किंवा बहिणीनं आठवून सांगावी. मधे कधी आठवडाभर हिला झोपेची गरजच भासत नव्हती, बोलणं थांबत नव्हतं, साड्यांवर भरमसाट खर्च झाला, असे दिवस आले होते का? तसं असेल तर आजार निराळ्या प्रकारचा असू शकतो आणि उपचारही निराळे लागतात.

डॉक्टरांच्या हाती उपाय पुष्कळ आहेत. डोस वाढवणं, औषध बदलणं, जोडीला दुसरं देणं. बदलाचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा लागतो. औषधाच्या जोडीला प्रशिक्षित मानसतज्ज्ञाकडे बोलून घ्यायचे उपचार असतात. आजार पुन्हा उलटण्याची शक्यता त्यांनी कमी होते, हे आता चांगलं सिद्ध झालं आहे. आजार फारच बळावला, खाणंपिणंही सुटलं, तर विजेचे उपचार सुचवले जातात. सिनेमात दाखवतात तसला तो प्रकार नव्हे बरं का! भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ते करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंदीच घातली आहे.

आता घराकडे वळू. कारण औषधाला गुण येईपर्यंतचे ते महिना-दीड महिने काढायचे असतात घरातच, आणि तिथे स्वयंपाक काही थांबत नाही. अशा वेळी कामं सोडून अंथरुण धरू नये, आणि नेहमीची सगळी कामं ओढतही बसू नये. घर थोडं लहान करावं. वरण-भात आणि एखादी कोशिंबीर पुरे. पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणाव्यात. त्यात कमीपणा काय आहे? फराळाचे डबे एका दिवाळीला विकतचे भरले, तर आकाश कोसळत नाही. मात्र रोज दोन गोष्टी चुकवू नयेत. ठरलेल्या वेळी उठणं, आणि सकाळच्या उन्हात दहा मिनिटं चालून येणं. “मन लागलं की जाईन,” असं म्हटलं तर कधीच जाणं होत नाही. या आजारात आधी पाय हलवावे लागतात, मन मागून येतं. आणि नोकरी सोडणं, घर विकणं असले निर्णय या दिवसांत घेऊच नयेत.

नवरे मंडळींना उपदेश करण्याची भारी हौस असते. “मन रमव, चार माणसांत जा,” एवढं सांगितलं की कर्तव्य झालं! त्यापेक्षा डॉक्टरांकडे बरोबर जाऊन, ही रात्री किती वाजता उठून बसते हे त्यांना सांगितलं, तर जास्त उपयोग होईल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा २०१६ चा चित्रपट घरातल्यांनी एकदा जरूर बघावा. नैराश्यातून गेलेली एक बाई तशाच अवस्थेतल्या एका तरुणाला प्रश्नांची सरबत्ती न करता आपल्या घरी राहू देते, एवढंच त्यात आहे. मुलांनाही काहीतरी सांगायला हवं. न सांगितलं तर आई आपल्यामुळेच चिडली, असं ती धरून चालतात. “आईचा मागचा आजार पुन्हा आलाय, डॉक्टरांना दाखवलंय, तुमचं काही चुकलेलं नाही,” इतकं पुरतं.

जीव नकोसा वाटण्याचे विचार येऊ लागले, तर मात्र आठ-दहा दिवस मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगायचं, घरातल्या सगळ्या गोळ्या त्याच्या ताब्यात द्यायच्या आणि डॉक्टर गाठायचे. घरच्यांनीही ‘नुसतं बोलते’ म्हणून सोडून देऊ नये, आणि तिला एकटं ठेवू नये. रात्री-अपरात्री १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

या सगळ्याची तयारी करायची असते ती मन ताळ्यावर असताना. एका कागदावर आपल्या तीन-चार खुणा, चालू औषधांची नावं आणि मिलिग्रॅम, मागे कोणत्या औषधाचा गुण आला आणि कोणत्याचा आला नाही, डॉक्टरांचा क्रमांक, आणि ‘मी गप्प झाले तर मला न विचारता वेळ घ्या’ ही सूचना, एवढं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावं आणि नवऱ्याला दाखवून ठेवावं. जुन्या चिठ्ठ्या टाकू नयेत. खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. नेहमीची बरीच औषधं जनऔषधी दुकानांतही स्वस्तात मिळतात; तिथली पट्टी पहिल्यांदा घेतली की डॉक्टरांना दाखवून मिलिग्रॅम तेच आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. घरातला आरोग्य विमा मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखाच लागू व्हायला हवा, असं २०१७ चा तोच कायदा सांगतो. पॉलिसीचं नूतनीकरण करताना एजंटला तसं स्पष्ट विचारावं.