शाळूच्या मुळातली वाळूची भिंत

परतीचा पाऊस किती झाला, शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, पेरा किती घटला, उसानं किती रान खाल्लं, ही चर्चा सध्या सोलापुरात सात रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावरही ऐकू येते. बोलणं होतं ते कणसाचं आणि कडब्याचं. पण काळ्या रानात साठलेल्या ओलीवर पिकणाऱ्या या पिकाचं नशीब ठरतं ते मुळात.

तिथली रचना पाहायची तर मुळाचा ब्लेडनं पातळ काप घेऊन त्यावर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की लिग्निन, म्हणजे काष्ठद्रव्य, असलेल्या पेशीभित्ती लालभडक होतात. सुदान रंग सुबेरिन हे मेणचट द्रव्य दाखवतो, तर कॅल्कोफ्लुअर लावलं की अतिनील प्रकाशात सेल्युलोज निळं चमकतं. लीड्स विद्यापीठातल्या ‘एलएम’ मालिकेतली प्रतिपिंडं तर भित्तीतली एकेक शर्करासाखळी हेरतात.

मात्र रंग ओळखतो ते द्रव्य, थर नव्हे. सुबेरिन मध्यत्वचेच्या बाहेरच्या कडेलाही असू शकतं. उलट कोवळ्या टोकाशी अंतस्त्वचा, म्हणजे मध्यत्वचेचा सर्वांत आतला थर, लाल होतच नाही. काप टोकापासून किती अंतरावरचा, हे नोंदवलं नसेल तर देखणं छायाचित्रही कुचकामी.

अंतस्त्वचेपर्यंत पाणी पेशीभित्तींमधून मोकळं येतं. तिथं भित्तीतच बसलेली कॅस्परी पट्टी सात रस्त्यावर नाकाबंदी लागावी तशी आडवी येते आणि पाण्याला, क्षारांना पेशीच्या आतूनच जावं लागतं. अरॅबिडॉप्सिस या रोपात ही पट्टी लिग्निनची असल्याचं 2012 साली दाखवलं गेलं; सुबेरिन नंतर चढतं. वर्गात अजूनही पट्टी सुबेरिनची म्हणूनच घोकली जाते. हे बदलायलाच हवं.

ज्वारीत याहून विलक्षण गोष्ट आहे. तिच्या अंतस्त्वचेच्या आतल्या भित्तीवर सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे, कण जमतात. स्लोव्हाकियाचे अलेक्झांडर लुक्स आणि सहकाऱ्यांनी 2002 साली दोन सुदानी वाणांची तुलना केली, तेव्हा अवर्षण सोसणाऱ्या वाणाच्या अंतस्त्वचेत सिलिका जास्त आढळली. दोनच वाणांवरून नियम होत नाही, पण माग काढण्याजोगा धागा नक्कीच मिळतो.

तो माग सोलापुरात नाही काढायचा तर कुठं? मालदांडी 35-1 हा वाण याच जिल्ह्यात मोहोळला निवडला गेला. राहुरीच्या विद्यापीठाचा फुले अनुराधा हलक्या जमिनीसाठी, तर फुले वसुधा भारी जमिनीसाठी शिफारस केलेला. तिन्ही वाण एकाच रानात पेरून, फुलोऱ्यात मुळं खणून, टोकापासून सारख्याच अंतरावर काप घ्यावेत. लिग्निन आणि सुबेरिन कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील. सिलिकासाठी मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागेल, आणि त्याचा खर्च विद्यापीठानं उचलावा.