डीजेवाले जुनंच सॉफ्टवेअर का धरून बसतात?

वाकडमध्ये हळद असो की वरात, डीजेच्या टेम्पोवर एकदा डोकावून बघा. भिंतीएवढे स्पीकर, डोळे दिपवणाऱ्या शार्पी लाइट, आणि या सगळ्याच्या मागे कधी कधी एक जुनाट लॅपटॉप. त्यावर व्हर्च्युअल डीजेचं सातवं व्हर्जन. आठवं २०१४ मध्येच आलंय, त्यानंतरही बरीच आली. मग हा भाऊ अजून सातवरच का?

पैसे वाचतात, हे आहेच. पण खरी गंमत आवाजाच्या हिशेबात आहे.

गाण्याच्या एका सेकंदाचे साधारण ४४,१०० तुकडे असतात. लॅपटॉप ते एकेक करून नाही, गठ्ठ्यानं साउंड कार्डकडे देतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. ५१२ तुकड्यांचा बफर जेमतेम १२ मिलिसेकंद पुरतो, आणि तेवढ्यात पुढचा गठ्ठा तयार हवा. नाही झाला की स्पीकरमधून ‘कट्-कट्’. मग बफर २०४८ करायचा? करा की! पण आता एक गठ्ठा ४६ मिलिसेकंदांचा झाला. बटण आत्ता दाबलं, आवाज मागून आला. कट मारणाऱ्याला हे लगेच जाणवतं.

नवीन व्हर्जन चालू गाण्यातून गायकाचा आवाज आणि ठेका वेगळा करून देतं. भारी आहे, खोटं कशाला बोलू! पण त्यासाठी मागे एआय मॉडेल पळत असतं, आणि जुन्या मशीनला धाप लागते. जुनं सॉफ्टवेअर दोन गाणी वाजवतं, वेग जुळवतं, पुढचं गाणं हेडफोनमध्ये ऐकवतं. बस.

आणि ढोल-ताशाचं लाइव्ह रेकॉर्डिंग घ्या. त्याचा वेग वर-खाली होतच राहतो, तिथे आपोआप जुळवणारं सिंक बटण गडबडतं. शेवटी हातानंच वेग सावरावा लागतो. मग एवढी फीचर घेऊन काय करायचं?

आता हे सगळं महत्त्वाचं का? कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. साडेआठला वरात निघाली तर हातात दीडच तास. त्यात सॉफ्टवेअर हँग झालं, पाच मिनिटं शांतता पसरली, तर नवरदेवाचे मित्र टेम्पोवर चढतात आणि ठरलेल्या पैशात कापाकापी सुरू होते.

पण एक धोका आहे. ही जुनी व्हर्जन बऱ्याचदा क्रॅक केलेली असतात, कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेली. सोबत व्हायरसही येतो. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. असा लॅपटॉप नेटला जोडूच नका, आणि त्यावर यूपीआय, बँक वगैरे तर अजिबात नको.

सरळ मार्ग हवा असेल तर मिक्स्स बघा, शेवटी तीन एक्सवालं. ते २००१ पासून बनतंय, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि जुन्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स टाकूनही चालतं. बफर किती ठेवायचा ते सेटिंगमध्येच निवडता येतं. सुरुवातीला मोठा ठेवा, घरी तासभर सलग वाजवा, मग एकेक पायरी कमी करत या. कट्-कट् ऐकू आली की एक पायरी मागे.