गाजरगवताला पक्ष नसतो

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पनागर हे तालुक्याचे गाव लागते. भात, गहू आणि हिरवा वाटाणा ही या परिसरातील प्रमुख पिके. पनागरला पोहोचण्यापूर्वी, जबलपूरच्या बाजूस, महाराजपूर येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे तण संशोधन संचालनालय आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने पनागर परिसरातील शेतकऱ्यांच्या शेतांवर विनामशागत पेरणी व तण व्यवस्थापनाचे प्रयोग केले आहेत. शेतातील तणाबाबत निर्णय घेणारा एकच असतो, तो म्हणजे शेतमालक. खरा प्रश्न बांधाच्या पलीकडे सुरू होतो.

रस्त्याच्या कडा, कालव्याचा काठ, गायरान, शाळेचे आवार, रेल्वेमार्गालगतची पडीक जागा या सार्वजनिक जमिनी म्हणजे गाजरगवताचे माहेरघर होत. मूळ अमेरिका खंडातील हे तण भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि काही दशकांत देशभर पसरले. महाराष्ट्रात त्याला ‘काँग्रेस गवत’ असेही म्हणतात. आयात गव्हाबरोबर ते आले, त्या काळातील सत्तेवरून हे नाव पडले, असे काही जण सांगतात; पांढऱ्या टोपीसारख्या दिसणाऱ्या फुलांमुळे पडले, असे इतरांचे म्हणणे. नावात राजकारण शिरले, तरी हे तण कोणाचेही शेत वगळत नाही.

एक झाड हजारो बिया देते. अनुकूल स्थितीत ही संख्या २५ हजारांपर्यंत जाते. बी अत्यंत हलके असल्याने वारा, पाणी, वाहने व जनावरे यांच्यामार्फत सहज दूर जाते आणि जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. त्वचेचा दाह, दमा आणि सर्दीसारखे विकार त्याच्या संपर्काने उद्भवतात. जनावरांच्या खाण्यात आल्यास दुधाला कडवट चव येते. एका वस्तीने आपला भाग स्वच्छ केला आणि शेजारच्या वस्तीने तसाच ठेवला, तर पुढील पावसाळ्यात दोन्हीकडे तण पुन्हा उगवते. म्हणूनच गाजरगवताचे नियंत्रण हे संपूर्ण शिवाराचे काम ठरते.

आणि येथेच गावगाडा अडतो. मध्य प्रदेशात, तसेच महाराष्ट्रातही, ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. तरीही निवडणूक संपली की गट मात्र उरतात. सरपंचाने श्रमदान पुकारले की विरोधी गट घरी बसतो. विरोधकांनी पुढाकार घेतला की सत्ताधाऱ्यांना त्यात श्रेयाचा वास येतो. तेवढ्या अवधीत तण फुलावर येते आणि उपटण्याची योग्य वेळ निघून जाते.

हा अडसर दूर करता येतो, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखवले आहे. दुष्काळ, स्थलांतर व भांडणे यांनी ग्रासलेल्या या गावाने १९८९ मध्ये पोपटराव पवार यांना बिनविरोध सरपंच केले. त्यानंतर श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व पाणलोटाची कामे झाली. पुढे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरू लागली. चराईबंदीचे यश प्रत्येक घराने ती पाळण्यावर अवलंबून होते. एका गटाची जनावरे डोंगरावर मोकळी राहिली असती, तर गवत वाढलेच नसते. जानेवारी २०२१ मध्ये सुमारे तीस वर्षांनी गावात पुन्हा मतदान झाले. मतभेद असणे, निवडणूक होणे हे लोकशाहीत स्वाभाविकच आहे. पाणी, कुरण आणि झाडे यांविषयीचे नियम त्या स्पर्धेच्या बाहेर ठेवणे, एवढेच गावाला साधायचे असते.

गाजरगवताबाबत हे साधण्यासाठी एक निमित्त उपलब्ध आहे. संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजरगवत जनजागृती सप्ताह पाळला जातो. पावसाळ्यात माती ओली असल्याने झाड मुळासह सहज निघते. ग्रामसभेने सप्ताहापूर्वीच शिवाराचे भाग पाडावेत. तुकड्या मात्र गटवार न करता मिश्र ठेवाव्यात. कामाच्या जागी कोणाचाही फलक नसावा. हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि त्वचेची ॲलर्जी असणाऱ्यांना या कामापासून दूर ठेवावे. फुलोऱ्यापूर्वी उपटलेल्या झाडांचे खड्ड्यात शेणकाल्यासह थर देऊन उत्तम कंपोस्ट होते. फुले व बी धरलेली झाडे मात्र खतात मिसळू नयेत.

उरलेल्या तणासाठी निसर्गाची मदत घ्यावी. झायगोग्रामा बायकोलोराटा हा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आला. तो व त्याच्या अळ्या पावसाळ्यात गाजरगवताची पाने फस्त करतात. मोकळ्या जागी टाकळ्याचे बी टाकल्यास तो दाट वाढून गाजरगवताला दडपतो. भुंगे सोडलेल्या भागात कोणी परस्पर फवारणी करू नये, हेही ग्रामसभेतच ठरवावे लागते.

एका सप्ताहाने तण संपत नाही. जमिनीतील बियांचा साठा वर्षानुवर्षे उगवत राहतो. म्हणून हे काम पुढील निवडणुकीनंतरही, सरपंच कोणीही असो, चालू राहावे लागते. त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावावर दोन्ही गटांच्या सह्या असणे हेच या मोहिमेचे पहिले आणि सर्वांत परिणामकारक साधन होय.