अभ्यासक्रमाच्या मध्यभागी कोण? : न्गुगी वा थिओंगो यांची प्राध्यापकी

केनियातील नैरोबी विद्यापीठात १९६८ साली तीन अध्यापकांनी एक टिपण सादर केले. इंग्रजी विभागच बंद करावा, अशी त्यातील मागणी होती. न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुओर-अन्युंबा आणि तबान लो लियोंग हे ते तिघे. देश १९६३ मध्ये स्वतंत्र झाला होता. तरीही साहित्य म्हणून शिकविले जाई ते प्रामुख्याने इंग्लंडचेच. आफ्रिकेतील मौखिक परंपरा व आफ्रिकी लेखक अभ्यासाच्या मध्यभागी असावेत आणि तेथून कॅरिबियन, आफ्रो-अमेरिकन, युरोपीय साहित्याकडे पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. शेक्सपिअरला हाकलून देण्याचा हा उद्योग नव्हता. पुढे तेथे साहित्य विभाग उभा राहिला आणि न्गुगी त्याचे प्रमुख झाले.

१९३८ साली लिमुरूजवळ शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या लेखकाने शाळेत एक दृश्य पाहिले होते. आवारात गिकुयू ही मातृभाषा बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत, किंवा 'मी गाढव आहे' अशा अर्थाची पाटी त्याच्या गळ्यात अडकवीत. गळ्यातल्या मडक्याचा इतिहास ठाऊक असलेल्यांना या पाटीचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

१९७७ हे त्यांच्या आयुष्यातील निर्णायक वर्ष. त्या वर्षी आलेल्या 'पेटल्स ऑफ ब्लड' या इंग्रजी कादंबरीत स्वतंत्र केनियाच्या सत्ताधाऱ्यांवर कठोर टीका होती. तरी तिचे प्रकाशन देशाच्या अर्थमंत्र्यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी कामिरीथू गावात शेतकरी-कामगारांनी न्गुगी वा मिरी आणि आपले प्राध्यापक यांनी लिहिलेले गिकुयू नाटक उघड्या रंगमंचावर केले. संहितेत गावकऱ्यांनी दुरुस्त्याही सुचविल्या. काही आठवड्यांतच परवाना रद्द झाला आणि वर्षअखेरीस प्राध्यापकांना खटल्याविना तुरुंगात टाकण्यात आले. टीका तीच होती; ती आता ज्यांच्याविषयी होती त्यांनाच समजत होती, एवढाच फरक. कामिती तुरुंगात त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयू कादंबरी लिहिली. वर्षभराने सुटका झाली, पण विद्यापीठातील जागा परत मिळाली नाही.

'डीकॉलनायझिंग द माइंड' (१९८६) मधील त्यांचा मातृभाषेचा आग्रह आम्हांला जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. चिनुआ अचेबे यांनी इंग्रजीलाच आफ्रिकी अनुभव वाहायला लावले, आणि आपल्याकडे तर इंग्रजीने गावकुसाबाहेरची वाट दाखविली. बाबासाहेबांचे बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत. परंतु १९२० चा 'मूकनायक' आणि १९२७ चा 'बहिष्कृत भारत' त्यांनी मराठीत काढले, हेही विसरता येत नाही. शिवाय आपल्या मुलांना लाज वाटावयास लावली गेली ती अनेकदा इंग्रजीपुढे नव्हे, तर प्रमाण मराठीपुढे, आजीच्या बोलीची. पालकांनी इंग्रजी माध्यम जरूर मागावे. त्या वर्गात वस्तीच्या बोलीला काय स्थान असेल, हेही विचारावे.

१९८२ मध्ये कामिरीथूचा रंगमंच पोलिसांनी जमीनदोस्त केला आणि न्गुगींचा परदेशवास सुरू झाला. येल, न्यूयॉर्क आणि २००२ पासून अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ अशी त्यांची पुढील प्राध्यापकी. मे २०२५ मध्ये अमेरिकेतच त्यांचे निधन झाले. 'विझर्ड ऑफ द क्रो' ही त्यांची प्रदीर्घ कादंबरी तेथेही आधी गिकुयूत प्रसिद्ध झाली. इंग्रजी अनुवाद त्यांनी स्वतःच नंतर केला.