नेशन, स्टेशन, टेन्शन : शब्दांची शेपटं आणि विचारांची गल्लत

मागच्या वेळी आपण 'सामान्य' म्हणजे काय इथपर्यंत आलो होतो. आज त्याच प्रश्नाकडे जरा वेगळ्या दाराने जाऊ. दार आहे इंग्रजी यमकांचं. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात यमक कशाला, असं कुणाला वाटेल. पण थोडा धीर धरा.

इंग्रजीत भाववाचक नामं करायची ठरावीक शेपटं आहेत. क्रियापदाला 'शन' लावा, विशेषणाला 'नेस' किंवा 'इटी' लावा, कुठे 'मेंट' लावा. आपल्याकडे 'ता', 'त्व', 'पणा', 'करण' हेच काम करतात. आता प्रश्न असा, की शेपूट एकच असेल तर ते शब्द एकमेकांशी जुळतात का? मराठी कानाला विचाराल तर तो पटकन 'हो' म्हणेल. स्टेशन, पेन्शन, टेन्शन, फॅशन. शेवटी 'शन' आलं, जमलं! पण इंग्रज कवी यातली एकच जोडी घेईल, पेन्शन आणि टेन्शन. स्टेशनला तो नेशन किंवा व्हेकेशन शोधेल, फॅशनला पॅशन.

कारण साधं आहे. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर आघात असतो, आणि यमक त्या आघाताच्या स्वरापासून शब्दाच्या शेवटापर्यंत जुळावं लागतं. 'शन' वर आघात कधीच नसतो. तेव्हा जुळणी ठरते ती शेपटाच्या आधी. आपल्याकडे आघात अर्थ बदलण्याइतका जोरकस नाही, म्हणून आपण नुसत्या शेवटाकडे कान देतो. गंमत बघा, आपण ज्याला 'रेशन' म्हणतो आणि स्टेशनशी जुळवतो, तो शब्द ब्रिटिश उच्चारात 'रॅशन' आहे. त्याची सोयरीक फॅशनशी.

ज्यांना गझलेचा नाद आहे त्यांना हे एका वाक्यात सांगता येईल. 'नेस' हा रदीफ आहे, काफिया त्याच्या आधी आहे. सॅडनेस आणि मॅडनेस जुळतात, काइंडनेस आणि ब्लाइंडनेस जुळतात. पण सॅडनेस आणि काइंडनेस यांचं काही जमत नाही. आणि हॅपिनेस? त्याचा आघात पहिल्याच अक्षरावर, मागे दोन अक्षरांची शेपटी. त्याला धड जोडीदार मिळणं कठीण. सुखाला यमक नाही, असं म्हणायचा मोह होतो, पण तो मोह आवरू या. असल्याच मोहाबद्दल आज बोलायचं आहे.

'इटी' चा स्वभाव वेगळा. 'नेस' मूळ शब्दाचा आघात हलवत नाही, तो अस्सल जुना इंग्रजी प्रत्यय आहे. 'इटी' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि आल्याबरोबर आघात स्वतःच्या शेजारी ओढून घेतो. मॉरल या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर, पण मोरॅलिटी म्हणताना तो 'रॅ' वर जातो. म्हणून मोरॅलिटी, रिॲलिटी, मॉर्टॅलिटी, ब्रुटॅलिटी हे सगळे एका माळेत बसतात. ईक्वॉलिटी मात्र डोळ्यांना त्यांच्यासारखीच दिसते, कानाला नाही. तिची जोडी क्वॉलिटीशी. 'एशन' मध्ये तर आघात 'ए' वर पक्का बसलेला, त्यामुळे 'एशन' वाला कुठलाही शब्द दुसऱ्या कुठल्याही 'एशन' वाल्याशी बिनचूक जुळतो. असे शब्द इंग्रजीत शेकड्यांनी आहेत. चौसरच्या काळी, चौदाव्या शतकात, हे शेपूट दोन अक्षरी होतं, 'सिऊन' सारखं, आणि जोर शेवटी घेता येई. पुढे ते झिजून 'शन' झालं.

इतकं सोपं यमक असलं की चांगले कवी ते टाळतात. अभिजात लॅटिन काव्यात यमकाचा नियमच नव्हता. तिथे विभक्तीमुळेच शब्दांचे शेवट सारखे येत राहतात, त्यात कवीचं कौशल्य ते काय! पण वक्त्यांना मात्र हे फार आवडलं. ग्रीकांनी सारख्या शेवटांच्या या अलंकाराला नावही दिलं, होमिओटेल्युटॉन, आणि गॉर्जियस हा वक्ता त्यासाठी प्रसिद्ध होता. प्लेटोने एक अख्खा संवाद या गॉर्जियसच्या नावाने लिहिला आहे, आणि 'सिम्पोझियम' मध्ये ॲगॅथॉनच्या तोंडी त्याच्या शैलीची नक्कल घातली आहे. प्लेटोची तक्रार अशी, की कानाला पटलेलं माणूस बुद्धीला पटलं असं समजतो.

ही तक्रार नुसती कुरकुर नाही. २००० साली मॅक्ग्लोन आणि तोफिघबख्श या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अपरिचित म्हणी दिल्या, काही यमक असलेल्या, काही त्याच अर्थाच्या पण यमक काढलेल्या. यमकवाल्या म्हणी लोकांना अधिक खऱ्या वाटल्या. यमकामुळे एखादं विधान खरं ठरतं का, असं त्यांना विचारलं तर ते 'नाही' म्हणाले! आणि शब्दरचना बाजूला ठेवून आशयाकडे बघा, असं आधीच सांगितल्यावर हा परिणाम कमी झाला. म्हणजे इलाज आहे. पण कुणीतरी सांगावं लागतं.

आता एक खरं उदाहरण सविस्तर बघू. अठराव्या शतकात, १७६० च्या दशकात, अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधून एक मागणी पुढे आली. तिचं घोषवाक्य झालं : 'नो टॅक्सेशन विदाउट रिप्रेझेंटेशन'. प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही. मराठीत आणल्यावर बघा, वाक्य शुद्ध आहे पण जीव गेला. इंग्रजीत दोन 'एशन' समोरासमोर उभे राहतात आणि वाटतं की हे दोन शब्द एका नाण्याच्या दोन बाजू म्हणूनच जन्माला आले. कर आणि प्रतिनिधित्व यांचा संबंध जणू भाषेनेच लावून दिलाय.

पण तो संबंध सिद्ध करावा लागत होता. ब्रिटिश सरकारच्या बाजूने थॉमस व्हेटली यांनी १७६५ मध्ये उत्तर दिलं, की पार्लमेंटचा सदस्य आपल्याच मतदारसंघाचा नसतो, साऱ्या साम्राज्याचा असतो. तेव्हा वसाहतींनाही प्रतिनिधित्व आहेच, प्रत्यक्ष नसलं तरी मानीव आहे. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या शहरांना तरी स्वतःचे सदस्य कुठे होते? ते मिळाले १८३२ च्या सुधारणेत. तोवर त्यांनी कर भरलाच. हा युक्तिवाद मला कमकुवत वाटतो, पण तो युक्तिवाद आहे, त्याला उत्तर द्यावं लागतं. यमक ते उत्तर देत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मजेची. घोषणा ऐकून वाटतं की यांना पार्लमेंटमध्ये जागा हव्या होत्या. पण १७६५ सालीच न्यू यॉर्कला भरलेल्या स्टॅम्प ॲक्ट काँग्रेसने ठरावात म्हटलं होतं, की आमच्या परिस्थितीत आम्हाला लंडनच्या सभागृहात प्रतिनिधित्व मिळूच शकत नाही. म्हणजे मागणी अशी होती, की आमच्यावर कर बसवायचा तो आमच्याच विधानसभांनी. हे त्या चार शब्दांत कुठे आहे? आणि 'रिप्रेझेंटेशन' कुणाचं? गुलाम त्यात नव्हते, स्त्रिया नव्हत्या. 'एशन' या शेपटाने कर्ता गिळून टाकला. कर कोण बसवतो, कुणावर, कोण कुणाचं प्रतिनिधित्व करतो, हे क्रियापद वापरलं असतं तर सांगावंच लागलं असतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. क्रियापदाला कर्ता लागतो. भाववाचक नामाला लागत नाही. जॉर्ज ऑरवेल यांनी १९४६ च्या एका निबंधात राजकीय भाषेतले असे शब्द गोळा केले होते : पॅसिफिकेशन, रेक्टिफिकेशन, एलिमिनेशन. गावांवर बॉम्ब टाकले त्याला पॅसिफिकेशन, म्हणजे शांतता करणं. आपलं 'करण' काही कमी नाही. रस्त्याचं रुंदीकरण झालं. कुणी केलं, कुणाची घरं पाडून केलं? १९९१ नंतर आपल्याकडे खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण हे तिघे हातात हात घालून आले, आणि मराठीने त्यांचं 'खाउजा' असं एकच नाव करून टाकलं. समर्थकांनी तिन्ही एकगठ्ठा स्वीकारले, विरोधकांनी एकगठ्ठा नाकारले. परवाने कमी करणं, सरकारी कारखाना विकणं आणि आयातशुल्क उतरवणं हे तीन निर्णय आहेत. एक मान्य करून दुसरा नाकारता येतो. पण शेपूट एक, म्हणून प्राणी एकच, असं धरून आपण वीस-तीस वर्षं भांडलो.

आता याच्या उलट बाजूचं उदाहरण. स्वातंत्र्य, समता, बंधुता. फ्रेंचमध्ये तिन्ही शब्दांचा शेवट 'ते' असा येतो, लिबर्ते, एगालिते, फ्रातेर्निते. कानाला त्रिकूट वाटतं. मराठीत समता-बंधुता जुळतात, स्वातंत्र्य बाहेर राहतं. पण २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी या तिघांचं ऐक्य कानावर सोडलं नाही. समतेवाचून स्वातंत्र्य दिलं तर थोड्यांचं बहुतांवर वर्चस्व होईल. स्वातंत्र्यावाचून समता आणली तर व्यक्तीचा पुढाकार मरेल. आणि बंधुता नसेल तर ही दोन्ही सहजपणे नांदणार नाहीत, शिपाई लावून राबवावी लागतील. प्रत्येक जोडणीला कारण दिलं आहे. याला म्हणायचं युक्तिवाद. यमक काढून घेतलं तरी तो उभा राहतो.

आणि त्यांची ती प्रसिद्ध त्रिसूत्री बघा. एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. तिन्ही क्रियापदं, तिन्ही आज्ञार्थी. ऑर्गनाइझ तर बाकी दोघांशी जुळतही नाही. समजा कुणी संपादकाने ती 'सुधारली' असती : एज्युकेशन, ॲजिटेशन, ऑर्गनायझेशन. यमक अगदी परिपूर्ण! पण 'तू शिक' यातला 'तू' गेला. उरलं ते एखाद्या खात्याचं नाव.

इथून आपण मूळ प्रश्नावर येतो. शब्दाला 'त्व' लावला की जगात तशी एखादी वस्तू सापडलीच पाहिजे का? न्याय-वैशेषिक परंपरा गोत्व, घटत्व अशा जाती खऱ्या मानते, हे आपण पाहिलं. बौद्ध म्हणतात, असं काही नाही. पण नैयायिक भोळे नव्हते. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी 'किरणावली' मध्ये सहा जातिबाधक सांगितले आहेत, म्हणजे 'त्व' लागूनही जाती का मानता येत नाही याची सहा कारणं. आकाशत्व ही जाती नव्हे, कारण आकाश एकच आहे. अनेकांत राहणारं ते सामान्य, मग एकट्यात कसलं सामान्य? घटत्व आणि कलशत्व या दोन जाती नव्हेत. घट म्हणा, कलश म्हणा, भांडी तीच, शब्द दोन. जातित्व ही जाती मानली तर तिच्यावर आणखी एक, त्यावर आणखी एक, असं कुठे थांबायचंच नाही.

आकाशत्व, घटत्व, कलशत्व, जातित्व. कानाला चौघे सख्खे भाऊ. उदयनांच्या चाळणीतून एकच घटत्व खाली उतरतं. विसाव्या शतकात गिल्बर्ट राइल यांनी 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' (१९४९) मध्ये पदार्थकोटींची गल्लत म्हणून जे मांडलं ते याच्या शेजारचं आहे. सगळी महाविद्यालयं पाहून झाल्यावर पाहुणा विचारतो, हे झालं, पण विद्यापीठ कुठे आहे? दोन्ही नामंच, पण एका रांगेत उभं राहण्याच्या लायकीची नव्हेत.

बाकीचे तीन बाधक, संकर, रूपहानी आणि असंबंध, यांना समवायाची थोडी तयारी लागते. ती पुढच्या वेळी करू. येताना घरी वर्तमानपत्रातला एखादा अग्रलेख घ्या आणि त्यातल्या 'करण', 'ता', 'त्व' वाल्या शब्दांखाली रेघ मारा. मग प्रत्येकाचं क्रियापद करून बघा. कर्ता सापडला तर ठीक. सापडला नाही तर तो शब्द माझ्याकडे घेऊन या, आपण इथे त्याची चिरफाड करू.