परराष्ट्र व्यवहाराचे दप्तर : शोध कसा घ्यावा?

परराष्ट्र धोरण हा राजधानीतील मुत्सद्द्यांचा विषय असून गावातील माणसाचा त्याच्याशी संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आहे. गोव्याच्या बाबतीत हा समज खरा ठरत नाही. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारत सरकारने पोर्तुगालकडे वाटाघाटींची मागणी केली. तेव्हापासून ३१ डिसेंबर १९७४ रोजी उभय देशांत तह होईपर्यंत गोव्याचा प्रश्न दिल्ली, लिस्बन, हेग आणि न्यूयॉर्क येथील कागदपत्रांतूनही लढविला गेला. ज्यांच्या भवितव्याचा निर्णय या कागदांत होत होता, त्या गोमंतकीयांना ते पाहावयास मिळणे मात्र दीर्घकाळ कठीण होते. ग्रंथ दुर्मीळ होते आणि दप्तरे दूरच्या शहरांत होती.

आता ही परिस्थिती पालटली आहे. यांपैकी बरीच प्रकाशने डिजिटल स्वरूपात आली असून तालुक्याच्या ठिकाणच्या संगणकावरही ती विनामूल्य वाचता येतात. अडचण उरते ती एवढीच की, कोणता कागद कोणाच्या दप्तरात असतो आणि तो कोणत्या नावाने शोधावा, याची माहिती नसते.

ही माहिती असणे का अगत्याचे आहे? मुक्तिदिनाच्या भाषणांत आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत दोन विधाने वारंवार आढळतात. पहिले, संयुक्त राष्ट्रसंघाने गोव्याच्या कारवाईबद्दल भारताचा निषेध केला. दुसरे, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पोर्तुगालचा दावा मान्य केला. मूळ कागद पाहिल्यास पहिले विधान टिकत नाही आणि दुसरे अर्धेच खरे ठरते.

सुरक्षा परिषदेचे कामकाज

संयुक्त राष्ट्रसंघाच्या डिजिटल ग्रंथालयात सुरक्षा परिषदेच्या बैठकींची शब्दशः इतिवृत्ते उपलब्ध आहेत. गोव्यावरील चर्चा १८ डिसेंबर १९६१ रोजी परिषदेच्या ९८७ व्या व ९८८ व्या बैठकींत झाली. तत्काळ युद्धबंदी करावी व भारताने आपले सैन्य मागे घ्यावे, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी मांडला. त्याच्या बाजूने सात व विरुद्ध चार मते पडली. सात मते ही त्या काळी पुरेशी संख्या होती. परंतु विरुद्ध मतांत सोव्हिएट संघाचे मत असल्याने नकाराधिकार लागू होऊन ठराव फेटाळला गेला. सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचा भारतास अनुकूल असा ठरावही चार विरुद्ध सात मतांनी नापास झाला. म्हणजे परिषदेने कोणताच ठराव संमत केला नाही. ‘निषेध झाला’ असे म्हणणे जसे चूक, तसेच ‘जगाने पाठिंबा दिला’ असे म्हणणेही चूक होय.

याच ग्रंथालयात १५ डिसेंबर १९६० चा आमसभेचा १५४२ क्रमांकाचा ठराव पाहावा. पोर्तुगाल ज्यांना आपले ‘सागरपार प्रांत’ म्हणत असे, ते प्रदेश अस्वायत्त आहेत, असे त्यात नमूद असून यादीत गोव्याचे नाव आहे. डिसेंबर १९६१ मधील भारताचे म्हणणे समजण्यास या ठरावाचा उपयोग होतो.

हेगचा निवाडा

दादरा व नगर हवेली हे प्रदेश १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. तेथे जाण्यास भारत वाट देत नाही, अशी तक्रार पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गुदरली. १२ एप्रिल १९६० चा अंतिम निवाडा आणि उभय पक्षांची लेखी व तोंडी निवेदने न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहेत. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यापुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला होता. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांच्याबाबत तो नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा हा तिहेरी निर्णय आहे. केवळ पहिला भाग सांगणारा पोर्तुगालची बाजू सांगतो आणि केवळ तिसरा भाग सांगणारा भारताची. निवाडा मात्र तिन्ही भाग मिळून होतो.

भारत सरकारची प्रकाशने

परराष्ट्र मंत्रालयाचे ‘फॉरिन अफेअर्स रेकॉर्ड’ हे मासिक १९५५ पासून निघत असे. पंतप्रधानांची निवेदने, संयुक्त पत्रके व करारांचे मसुदे त्यात छापले जात. मंत्रालयाच्या ग्रंथालयाने त्याचे जुने अंक डिजिटल स्वरूपात आणले आहेत. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करारांचा स्वतंत्र संग्रह आहे. श्री. यशवंतराव चव्हाण व पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिश यांनी नवी दिल्लीत सही केलेला १९७४ चा तह अशा संग्रहात देशाचे नाव व वर्ष यांवरून शोधावा. गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या ज्या तारखांना भारताचे भाग झाले, त्या त्या तारखांपासून भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने या तहान्वये मान्य केले. सही १९७४ ची असली तरी मान्यता मागील तारखांपासूनची आहे, हा बारकावा मूळ मजकूर वाचल्यावरच ध्यानात येतो.

संसदेतील वादविवाद संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात. गोवा, दमण व दीव यांना संघप्रदेश म्हणून घटनेत स्थान देणाऱ्या बाराव्या दुरुस्तीवरील मार्च १९६२ मधील चर्चा शिक्षकांनी अवश्य पाहावी. मंत्रालयांच्या जुन्या फायलींसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे.

परक्या दप्तरातील आपली नोंद

छापील प्रकाशनांत सरकारने जाहीरपणे जे सांगितले ते मिळते. पडद्याआड काय बोलले गेले, हे पुष्कळदा दुसऱ्या देशाच्या दप्तरात सापडते. अमेरिकेचे परराष्ट्र खाते १८६१ पासून ‘फॉरिन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही ग्रंथमाला काढीत आहे. तिच्या १९६१ ते १९६३ या काळासाठीच्या एकोणिसाव्या खंडात दक्षिण आशियाविषयीचा गुप्त पत्रव्यवहार असून गोव्यासंबंधीच्या तारा त्यात आहेत. हा खंड १९९६ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पस्तीस वर्षांनी प्रसिद्ध झाला. अशा तारेत भारतीय नेत्याचे बोलणे परक्या राजदूताने आपल्या शब्दांत नोंदविलेले असते, हे वाचताना विसरू नये.

शोधाची पद्धत

शोधाचा आरंभ विषयाने न करता तारखेने करावा. तारीख निश्चित असली की त्या महिन्याचा अंक, त्या दिवसाचे इतिवृत्त व त्या वर्षाचा करार हाती येण्यास वेळ लागत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रत्येक कागदास ठराविक संकेतचिन्ह असते. ते रोमन लिपीत जसेच्या तसे टंकित करावे. सुरक्षा परिषदेच्या इतिवृत्तासाठी ‘एस’, तिरपी रेघ, ‘पीव्ही’, टिंब व बैठकीचा क्रमांक, असा त्याचा क्रम असतो.

नावांबाबतही सावध राहावे. इंग्रजी कागदांत ‘गोवा’ या नावाऐवजी ‘भारतातील पोर्तुगीज वसाहती’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग असू शकतो. पोर्तुगीज कागदांत ‘एस्तादो द इंडिया’ या नावाने शोध घ्यावा लागतो. जुन्या छपाईची प्रतिमा पुसट असल्यास संगणकास अक्षरे नीट ओळखता येत नाहीत. यास्तव ‘काही आढळले नाही’ असे उत्तर आले म्हणून कागद नाही, असे समजू नये. ग्रंथ उघडून त्याची अनुक्रमणिका पाहावी. मिळालेल्या मजकुराची तारीख, खंड व पृष्ठ टिपून ठेवावे, म्हणजे दुसऱ्यास तो पडताळून पाहता येतो.

ज्यांना संगणकाचा सराव नाही त्यांनी ग्रंथपालाचे साहाय्य घ्यावे. १८३२ मध्ये स्थापन झालेले पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि १५९५ पासूनची परंपरा असलेले गोव्याचे पुराभिलेखागार या संस्था याच कार्यासाठी आहेत. शाळांनी मुक्तिदिनापूर्वी विद्यार्थ्यांकडून सुरक्षा परिषदेचे एक इतिवृत्त किंवा १९७४ चा तह वाचून घेतला, तर त्या दिवशीच्या भाषणांत ऐकीव विधानांची जागा पुराव्यास मिळेल.