सॉलिडस : नाण्याच्या तळाशी कोरलेली पत

सिंहलद्वीपाच्या राजासमोर एकदा दोन परदेशी व्यापारी उभे राहिले. एक इराणी, दुसरा रोमन साम्राज्यातील सोपात्रोस. कोणाचा राजा थोर, असा प्रश्न निघाला. इराण्याने आपल्या राजाचे गुणगान केले. सोपात्रोसने मात्र एवढेच सुचविले, की दोघांची नाणी शेजारी ठेवून पाहावीत. इराणी नाणे चांदीचे होते, रोमन नाणे लखलखीत सोन्याचे. राजाने सोपात्रोसच्या बाजूने कौल दिला. ही हकीकत सहाव्या शतकातील व्यापारी-प्रवासी कॉस्मस याने लिहून ठेवली आहे. त्याच्याच ग्रंथात ‘कल्लियाना’ म्हणजे आपल्या कल्याण बंदराचाही उल्लेख येतो.

ते सोन्याचे नाणे म्हणजे ‘सॉलिडस’. तिसऱ्या शतकात रोमन चांदीच्या नाण्यांत भेसळ वाढत गेली आणि अखेरीस त्यांत पाच टक्केही चांदी उरली नाही. व्यवहारातील विश्वास ढासळला. इ.स. 309 च्या सुमारास सम्राट कॉन्स्टंटाइनने नवे नाणे पाडले. एका रोमन पौंड सोन्यात 72 नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेचार ग्रॅम. हे माप अकराव्या शतकापर्यंत जवळजवळ टिकून राहिले.

नाण्याची ओळख क्रमाने पटवावी लागते. पुढच्या बाजूवर सम्राटाचे नाव वाचावे. मागील चित्र काळ सांगते : लांब क्रूस धरलेली विजयदेवी सुमारे इ.स. 420 पासून दिसते. जस्टिन पहिला याच्या राजवटीत तिची जागा देवदूताने घेतली. मग चित्राखालच्या आडव्या रेषेच्या तळाशी पाहावे. तेथे टांकसाळीची खूण असते.

‘कॉनॉब’ या खुणेतील ‘कॉन’ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल. ‘ट्रॉब’ म्हणजे ट्रिअर, ‘टेसॉब’ म्हणजे थेसालोनिका. शेवटचे ‘ओबी’ हे शुद्ध केलेल्या सोन्याच्या लॅटिन नावाचे संक्षिप्त रूप. ग्रीक अंकांत त्याच दोन अक्षरांची किंमत 72 होते. या अक्षरांमागे एक व्यवहारी निर्णय आहे. इ.स. 367 च्या सुमारास सम्राटांनी आज्ञा केली, की करात आलेली नाणी वितळवून, कस पाहून, लगडी करूनच खजिन्यात पाठवावीत, म्हणजे खोटे नाणे मिसळणार नाही. त्यानंतर लवकरच ही शुद्धतेची खूण नव्या नाण्यांवर दिसू लागली. कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यांवर मागील मजकुराच्या शेवटी एक ग्रीक अक्षरही असते. ते टांकसाळीतील दहापैकी कोणत्या विभागाने नाणे पाडले, हे सांगते.

येथे घाई मात्र घात करते. पाचव्या शतकात ‘कॉनॉब’ केवळ राजधानीची खूण उरली नाही. इतर टांकसाळींनी आणि गॉथ, फ्रँक आदी राजांनीही ती वापरली. पश्चिमेकडील नाण्यांच्या तळाशी बहुधा ‘कॉमॉब’ असते आणि शहराची अक्षरे मधल्या मोकळ्या जागेत येतात : ‘आर-व्ही’ म्हणजे रावेना, ‘एम-डी’ म्हणजे मिलान, ‘आर-एम’ म्हणजे रोम. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. वजन, अक्षरांचे वळण, मजकुरातील चुका आणि चेहऱ्याची घडण यांचा मेळ बसला, तरच निष्कर्ष काढावा.

ही नाणी भारतातही पोहोचली. कर्नाटकातील अक्की आलूर येथे सापडलेल्या निधीत पाचव्या-सहाव्या शतकातील सॉलिडस होते. दक्षिणेत मिळालेल्या काही नाण्यांना सम्राटाच्या मस्तकावर दोन छिद्रे आहेत. ती दागिना म्हणून गळ्यात घातली जात असावीत. काहींवर अक्षरे ओळखू न येण्याइतकी बिघडलेली आहेत. ती येथेच घडविलेल्या नकला होत.

म्हणूनच जुन्या पेटीत असे नाणे आढळल्यास ते घासू नये, आटवूही नये. आधी वजन करावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकाराला दाखवावे. जमिनीत पुरलेला निधी सापडला, तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. मुशीत गेलेल्या नाण्याचे सोने तेवढे उरते. ते कोणत्या टांकसाळीने, कोणाच्या हमीवर पाडले, हे मात्र कायमचे पुसले जाते.